केंद्रीय कायदामंत्र्याच्या हातात नेमकं काय असतं?

प्रश्न असा: केंद्रीय कायदा व न्यायमंत्री नेमकं काय काम करतो? खटले वर्षानुवर्षं तुंबतात, न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या राहतात, एखादा आरोपी सुटतो. अशा वेळी त्याला जाब विचारणं कितपत बरोबर?

जे त्याच्याकडे नाही ते आधी बाजूला काढू, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. पोलीस आणि तुरुंग राज्य सूचीत आहेत, म्हणजे राज्यांचं काम. राष्ट्रपतींकडे जाणारे दयेचे अर्ज केंद्रीय गृहमंत्रालय हाताळतं. सीबीआय कार्मिक मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, ईडी अर्थमंत्रालयाच्या महसूल विभागाखाली. निदान फौजदारी कायदे तरी कायदामंत्र्याकडे असतील असं वाटतं, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे संसदेत मांडले ते गृहमंत्र्यांनी, कारण त्या विषयाचं प्रशासकीय खातं गृह आहे. ब्रिटनच्या न्यायमंत्र्याकडे तुरुंग असतात. अमेरिकेत ॲटर्नी जनरल हाच न्याय खात्याचा प्रमुख, आणि एफबीआय त्याच्याच खात्यात. तिकडच्या बातम्यांवरून बनलेलं चित्र इथे लावलं की फसगत ठरलेली.

मग उरतात तीन विभाग. विधी कार्य विभाग सरकारला कायदेशीर सल्ला देतो आणि सरकारचे खटले सांभाळतो. विधायी विभाग विधेयकं लिहितो. न्याय विभाग सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या फायली चालवतो आणि न्यायालयांसाठीच्या केंद्राच्या योजना राबवतो. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे: अंतिम निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. धोरण संबंधित मंत्रालयाचं, निवाडा न्यायालयाचा, नावं न्यायवृंदाची (कॉलेजियम, म्हणजे सरन्यायाधीश आणि ज्येष्ठतम न्यायाधीशांचा गट). कायदामंत्र्याची खरी ताकद फाइल त्याच्या टेबलावरून जावीच लागते यात आहे. ती कधी, कोणत्या शेऱ्यासह आणि किती दिवसांनी पुढे जाते, यावरच त्याचं मोजमाप करावं.

सल्ल्याचं काम बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याची किंमत कमी धरली जाते. १९६१ च्या कामकाज नियमांनुसार कायद्याचे प्रस्ताव, कायद्याखाली करायचे सर्वसाधारण नियम व आदेश आणि सरकारचे महत्त्वाचे करार यांबाबत मंत्रालयांनी कायदा मंत्रालयाचा सल्ला घ्यायचाच असतो. आधी दिलेल्या सल्ल्यात प्रकरण पूर्ण बसत असेल तेवढाच अपवाद. चांगल्या फाइलमध्ये वस्तुस्थिती तारीखवार असते, मूळ कागद जोडलेले असतात, विचारलेला मुद्दा एका वाक्यात असतो आणि विचारणाऱ्या खात्याने आपलं स्वतःचं मत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पुष्कळदा उलट घडतं. अडचणीचं पत्र जोडलेलंच नसतं. प्रश्न असा मांडलेला असतो की उत्तर 'हो' याशिवाय येऊच नये. वाटाघाटी संपल्यावर, सहीच्या आदल्या दिवशी करार तपासायला येतो. आणि मनासारखा अभिप्राय मिळाला नाही तर थोडे शब्द बदलून तीच फाइल पुन्हा धाडली जाते. यावर उपाय एकच: आधीचा अभिप्राय फाइलवर ठेवून, कोणती नवी वस्तुस्थिती समोर आली ते लेखी विचारायचं.

ॲटर्नी जनरल किंवा सॉलिसिटर जनरल या सरकारच्या सर्वोच्च वकिलांचं मत हवं असेल तरी मंत्रालयांना थेट त्यांच्याकडे जाता येत नाही. कायदा मंत्रालयामार्फतच जावं लागतं. ही चाळणी कंटाळवाणी वाटली तरी गरजेची आहे, नाहीतर एकाच प्रश्नावर सरकारची तीन मतं तीन न्यायालयांत मांडली जातील. करारांबाबत राज्यघटनेचं कलम २९९ लक्षात ठेवावं: करार राष्ट्रपतींच्या नावाने आणि अधिकार दिलेल्या व्यक्तीच्याच सहीने झाला पाहिजे. हौशी अधिकाऱ्याने साध्या पत्रावर दिलेला शब्द सरकारवर करार म्हणून बांधील ठरत नाही, आणि मग समोरचा माणूस भरपाईसाठी न्यायालयाची पायरी चढतो.

विधेयकाच्या बाबतीत लोकांची समजूत अशी की कायदामंत्री कायदे करतो. देशातली बहुतेक विधेयकं इतर मंत्रालयांची असतात. विधायी विभाग ती लिहून देतो. क्रम साधारण असा. संबंधित मंत्रालय धोरण ठरवतं, इतर खात्यांचं मत घेतं. २०१४ च्या पूर्व-विधायी सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो; 'तातडी' या कारणाखाली ही पायरी सर्रास गाळली जाते. विधी कार्य विभाग घटनात्मक बाजू तपासतो: केंद्र आणि राज्यांत विषय वाटणाऱ्या सातव्या परिशिष्टातल्या कोणत्या नोंदीखाली संसदेला अधिकार मिळतो, मूलभूत हक्कांच्या कलम १४, १९, २१ यांच्या कसोटीवर तरतूद टिकेल का. मग विधायी विभाग मसुदा लिहितो, मंत्रिमंडळ मान्यता देतं, आणि उद्देश व कारणांचं निवेदन, वित्तीय ज्ञापन, प्रत्यायोजित विधानाचं (म्हणजे नियम करायचे जे अधिकार सरकारला दिले त्यांचं) ज्ञापन अशा जोडण्यांसह विधेयक सभागृहात जातं. पैसा लागणार असेल तर कलम ११७ खाली राष्ट्रपतींची शिफारस लागते का हेही पाहावं लागतं. हिंदी पाठ त्याच वेळी तयार होतो, पण कलम ३४८ प्रमाणे अधिकृत पाठ इंग्रजी.

मसुदाकाराला धोरण द्यायचं असतं, तयार वाक्यं नव्हे. मंत्रालयं नेमकी वाक्यं लिहून पाठवतात, आणि मग त्या वाक्यामागे हेतू काय होता हे शोधण्यात आठवडे जातात.

मसुदा कुठे फसतो हे जवळून पाहायचं तर एक साधं कलम घ्या. नवा कायदा जुनं प्राधिकरण रद्द करून नवं आणतो. त्यात तीन गोष्टी नसतील तर पुढची दहा वर्षं खटले चालणार. जुन्या प्राधिकरणापुढे चालू असलेली प्रकरणं कुठे जातील? जुन्या आदेशावर अपील करायची मुदत संपलेली नसेल तर ते अपील कुणाकडे? आणि जुन्या नियमांखाली दिलेले परवाने नवे नियम येईपर्यंत चालू राहतील का? सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ चं कलम ६ जुने हक्क काही प्रमाणात वाचवतं, पण त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे आपलं काम न्यायाधीशावर ढकलणं. दुसरी नेहमीची खोच कायदा लागू होण्याच्या तारखेची. 'केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या तारखेपासून' असं लिहिलेलं असेल आणि अधिसूचनाच निघाली नाही, तर राष्ट्रपतींची सही झालेला कायदाही कागदावरच राहतो. कलमात 'विहित नमुन्यात', 'विहित मुदतीत' असं आलं की नियम झाल्याशिवाय ते कलम चालत नाही. एखादा कायदा खरोखर चालू आहे का हे पाहायचं असेल तर संसदेतली भाषणं सोडून द्या आणि अधिसूचना व नियम शोधा.

वटहुकमाच्या वेळी हेच सगळं एका रात्रीत करावं लागतं. कलम १२३ खालचा वटहुकूम अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संपतो, त्यामुळे तो निघाला त्याच दिवशी पर्यायी विधेयकाची घाई सुरू होते. घाईत लिहिलेल्या व्याख्या मग तशाच कायद्यात उतरतात.

कायदा मंत्रालयाचे स्वतःचे विषयही आहेत. निवडणूक कायदे विधायी विभागाकडे. मतदान यंत्रांसाठीचा पैसासुद्धा याच मंत्रालयाच्या अंदाजपत्रकातून जातो. २०२३ च्या कायद्याने मुख्य निवडणूक आयुक्त आणि आयुक्तांसाठी पाच नावं सुचवणाऱ्या शोध समितीचं अध्यक्षपद कायदामंत्र्याकडे दिलं आहे. विवाह, वारसा, दत्तक हे व्यक्तिगत कायदेही इथलेच. पहिले कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू कोड बिल पुढे रेटलं, ते अडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये तेच चार वेगळ्या कायद्यांच्या रूपाने आलं. स्वतःचं विधेयक मंत्रिमंडळात आणि सभागृहात टिकवण्यासाठी कायदामंत्र्याला राजकीय वजन लागतं, नुसती विद्वत्ता पुरत नाही. त्या दृष्टीने मे २०२३ मध्ये हे खातं राज्यमंत्र्याकडे, स्वतंत्र कार्यभार म्हणून, दिलं गेलं ही बारीकसारीक बाब नाही. राज्यमंत्री मंत्रिमंडळाचा सदस्य नसतो. आपल्या खात्याचा विषय असेल तेव्हा त्याला बोलावलं जातं. इतरांच्या प्रस्तावांवर बैठकीतच 'थांबा' म्हणणारा माणूस मग तिथे नसतो.

आता सरकारचे खटले. सरकार हा देशातला सर्वांत मोठा पक्षकार, आणि त्याची सर्वांत मोठी दुखरी जागा मुदत. उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी निकालापासून ९० दिवस असतात. ऐकायला भरपूर वाटतात. निकालाची प्रत मिळवायची, स्थानिक सरकारी वकिलाचं मत घ्यायचं, क्षेत्रीय कार्यालयाने मुख्यालयाला कळवायचं, मंत्रालयाने अपील करायचं की नाही हे ठरवायचं, विधी कार्य विभागाने तपासायचं, सॉलिसिटर जनरलसारख्या कायदा अधिकाऱ्याचं मत घ्यायचं, सर्वोच्च न्यायालयात सरकारचे खटले पाहणाऱ्या केंद्रीय अभिकरण विभागाने वकील नेमून मसुदा करून घ्यायचा, मसुदा तपासून परत यायचा, शपथपत्रावर सही व्हायची. एवढ्या पायऱ्यांत एखादी फाइल कुणाच्या रजेत अडकली की ९० दिवस गेले. मग विलंबमाफीचा अर्ज, आणि त्यात तेच ठरलेलं वाक्य: विविध स्तरांवर मंजुरी घ्यावी लागल्याने उशीर झाला. २०१२ मध्ये पोस्ट खात्याच्या एका प्रकरणात ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला सर्वोच्च न्यायालयाने साफ नकार दिला आणि मुदतीचा कायदा सरकारलाही बांधतो हे स्पष्ट केलं. त्यानंतरही असे अर्ज थांबलेले नाहीत.

इथे कायदामंत्री खरोखर फरक करू शकतो. कोणती अपिलं करायचीच नाहीत याचे निकष ठरवणं, रकमेची किमान मर्यादा घालणं, सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या मुद्द्यावर पुन्हा अपील करायला बंदी, आणि लिंब्स या संगणकीय प्रणालीवर प्रत्येक खटल्याची तारीख भरलेली आहे की नाही हे महिन्याला तपासणं. सरकारचे खटले कमी करण्यासाठीच्या राष्ट्रीय वाद धोरणाची (लिटिगेशन पॉलिसी) भाषा २०१० पासून चालू आहे. अडतं ते अंमलबजावणीत. कारण अपील न करण्याचा निर्णय ज्याने घ्यायचा त्या अधिकाऱ्याला उद्याच्या लेखापरीक्षणाची आणि दक्षता चौकशीची भीती असते. अपील केलं म्हणून कुणाची चौकशी होत नाही, न केलं म्हणून होऊ शकते. 'या निकषांनुसार अपील सोडलं तर अधिकारी जबाबदार नाही' असा संरक्षक शेरा वरून आल्याशिवाय हे बदलणार नाही.

न्यायाधीशांच्या नेमणुकांवर सर्वांत जास्त वाद होतो आणि सर्वांत कमी माहिती असते. कलम २१७ म्हणतं की राष्ट्रपती नेमणूक करतात. प्रत्यक्ष रीत १९९३ आणि १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांवर आणि त्यावर आधारलेल्या कार्यपद्धती ज्ञापनावर चालते. उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश दोन ज्येष्ठतम सहकाऱ्यांशी चर्चा करून नावं सुचवतो. जागा रिकामी होण्याच्या सहा महिने आधी प्रस्ताव निघावा असं ज्ञापन सांगतं. बऱ्याचदा तो जागा रिकामी झाल्यावर निघतो, आणि पहिली दिरंगाई इथेच होते, दिल्लीत नव्हे. प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. राज्याने सहा आठवड्यांत मत कळवायचं. नाही कळवलं तर त्यांना काही सांगायचं नाही असं धरून केंद्रीय कायदामंत्र्याने पुढे जायचं. मग गुप्तचर विभागाचा अहवाल जोडून सगळं सरन्यायाधीशांकडे. तिथे सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठतम न्यायाधीश निर्णय घेतात. मान्य झालेली नावं परत कायदामंत्र्याकडे, त्याने तीन आठवड्यांत पंतप्रधानांपुढे ठेवायची, पंतप्रधानांचा सल्ला राष्ट्रपतींना.

सरकारला आक्षेप घेऊन नाव परत पाठवता येतं. न्यायवृंदाने तेच नाव पुन्हा पाठवलं की नेमणूक करावी लागते. पण कधी, हे ज्ञापन नीट सांगत नव्हतं, आणि सगळी खेच तिथेच. २० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेळा आखून दिल्या: गुप्तचर अहवालाला चार ते सहा आठवडे, राज्याचं मत आणि तो अहवाल आल्यावर केंद्राने आठ ते बारा आठवड्यांत पुढे पाठवायचं, पुन्हा शिफारस झालेल्या नावाची नेमणूक तीन ते चार आठवड्यांत. तरीही फाइल नुसती बसवून ठेवता येते. नकार लिहिला तर कारण द्यावं लागतं. काहीच न लिहिता ठेवली तर द्यावं लागत नाही. आणखी एक चाल अशी की पाच नावांच्या यादीतली तीन अधिसूचित करायची, दोन मागे ठेवायची. नेमणुकीच्या तारखेवर ज्येष्ठता ठरते आणि ज्येष्ठतेवर पुढे कोण मुख्य न्यायाधीश होईल, न्यायवृंदात कोण बसेल हे ठरतं. त्यामुळे दोन महिन्यांच्या उशिराचा परिणाम वीस वर्षांनी दिसू शकतो. काही वकील वाट पाहून संमती मागे घेतात आणि आपल्या वकिलीकडे वळतात. त्यांना दोष देणं अवघड आहे.

हा पेच एका आयोगाने सोडवायचा प्रयत्न ९९ व्या घटनादुरुस्तीने झाला होता. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगात कायदामंत्री पदसिद्ध सदस्य होता. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि कायदामंत्री पुन्हा टेबलाच्या बाहेर, पण फाइलच्या वाटेवर, येऊन उभा राहिला. सरन्यायाधीश निवृत्त होण्याआधी पुढच्या नावाची शिफारस त्यांच्याकडून मागवण्याचं पत्रही कायदामंत्र्याचंच असतं.

तुंबलेल्या खटल्यांचं काय? प्रलंबित प्रकरणांचा आकडा पाच कोटींच्या पुढे गेला आहे आणि त्यातला फार मोठा भाग जिल्हा व तालुका न्यायालयांत आहे. तिथल्या न्यायाधीशांच्या नेमणुका कलम २३३ आणि २३४ प्रमाणे राज्यपाल आणि उच्च न्यायालयाच्या सहभागाने होतात, नियंत्रण कलम २३५ प्रमाणे उच्च न्यायालयाचं. कायदामंत्री तिथे एक लघुलेखकही नेमू शकत नाही. त्याच्या हाती निधी आणि योजना: इमारती व निवासस्थानांसाठी केंद्र-राज्य ६०:४० वाटा (ईशान्य व हिमालयीन राज्यांसाठी ९०:१०), ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संगणकीकरण योजनेचा तिसरा टप्पा ज्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले, जलदगती विशेष न्यायालयं. यात नेहमी काय बिघडतं? राज्याने आपला वाटा दिला नाही, आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आलं नाही, म्हणून पुढचा हप्ता अडला. इमारत झाली, पण पद मंजूर नाही. ग्राम न्यायालय कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे, पण न्यायालय स्थापन करायचं की नाही हे राज्यावर सोडलेलं, आणि बऱ्याच राज्यांनी हात आखडता घेतला. अखिल भारतीय न्यायिक सेवेची, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांच्या देशपातळीवरच्या भरतीची, चर्चा कलम ३१२ मुळे दर काही वर्षांनी डोकं वर काढते. त्यासाठी राज्यसभेत दोन तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो, आणि राज्यं व उच्च न्यायालयं यांचं एकमत होत नाही.

एक सीमारेषा मात्र ठळक आहे: चालू तपासात आणि न्यायालयात द्यायच्या अहवालात मंत्र्याने हात घालायचा नाही. २०१३ मध्ये कोळसा खाणवाटप प्रकरणी सीबीआयचा सर्वोच्च न्यायालयासाठीचा स्थितिदर्शक अहवाल तत्कालीन कायदामंत्र्यांनी आधी पाहिला, त्यात बदल झाले, न्यायालयाने कडक ताशेरे ओढले, आणि मे महिन्यात अश्विनी कुमार यांना पद सोडावं लागलं. आपण कायदेशीर सल्लागार आहोत, मसुदा पाहणं आपलं कामच आहे, हा युक्तिवाद तिथे चालला नाही. मंत्रालयाच्या शपथपत्राचा मसुदा तपासणं वेगळं आणि तपास यंत्रणेचा अहवाल तपासणं वेगळं.

शेवटी व्यवहाराचं. स्वतःच्या खटल्याची लवकर सुनावणी व्हावी म्हणून कायदामंत्र्याला पत्र लिहू नका. ते फार तर उच्च न्यायालयाच्या प्रबंधकाकडे पाठवलं जाईल. त्याच न्यायालयात वकिलामार्फत लवकर सुनावणीचा अर्ज द्या. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध तक्रार असेल तर ती मुख्य न्यायाधीश किंवा सरन्यायाधीशांकडे. मंत्रालयाकडे आलेली तक्रारही तिकडेच वळवली जाते. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० ही मदतवाहिनी. जिल्हा सरकारी वकिलाबद्दल गाऱ्हाणं असेल तर राज्य सरकार. केंद्राकडून नोटरी नेमणुकीबाबतचं काम असेल तर विधी कार्य विभाग. आणि एखाद्या केंद्रीय कायद्याचे नियम अजून का झाले नाहीत हे विचारायचं असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज कायदा मंत्रालयाला न करता त्या कायद्याचं प्रशासकीय खातं कोणतं ते पाहून त्या मंत्रालयाला करा, आणि अर्जात नियमांचा मसुदा विधायी विभागाकडे कोणत्या तारखेला पाठवला व कोणत्या तारखेला परत आला, एवढंच मागा.